मालाला हात

साकीनाक्याच्या आतल्या अंगाला, जिथं टेम्पो आला की माणसांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, अशा एका गल्लीत दशरथ मेस्त्रीचा गाळा आहे. बाहेर 'मेस्त्री प्रिसिजन वर्क्स' अशी पाटी. कारखान्यांच्या त्या इस्टेटीत कुणालाही 'बारीक कामवाला मेस्त्री' म्हटलं की तो हातातला चहा न सांडता मानेनंच दिशा दाखवतो. बारीक म्हणजे किती, असं नवख्या माणसानं विचारलेलं दशरथला फार आवडायचं. "तुमच्या डोक्यावरचा एक केस उपटा," तो सांगायचा, "त्याच्या उभ्या पंचवीस चिरफळ्या करा. त्यातली एक चिरफळी मावेल एवढीच फट आम्ही ठेवतो." मग समोरच्याचा चेहरा बघून स्वतःच खूश व्हायचा. हल्ली कुणी विचारलं तर "असतं आपलं काहीतरी" म्हणतो आणि आत जातो.

माणूस वाईट नाही. तापट आहे, पण मनात ठेवणारा नाही. खोटं बोलायचा त्याला कंटाळा, आणि मापाचं मात्र भयंकर वेड. घरी बोरिवलीला बायकोनं, सुलक्षणावहिनींनी थालीपीठ वाढलं तरी हा चिमटीत धरून म्हणणार, "या अंगाला जाड झालंय." वहिनी म्हणतात, "मुकाट्यानं खा, नाहीतर पट्टी आणा नि बसा मोजत." जे मोजून दाखवता येतं ते खरं, आणि जे खरं ते बोलायला कसली आलीय भीड, असा त्याचा सरळ कारभार. याच स्वभावावर त्यानं धंदा उभा केला, आणि याच स्वभावापायी धोंडिराम सरवदे नावाचा त्याचा सगळ्यात जुना माणूस गाळ्याबाहेर गेला.

धोंडिराम परभणीकडचा. मिसरूड फुटायच्या आत घाटकोपरला काकाकडे आला आणि मुलुंडच्या आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गाला बसला. दशरथचे वडील मालवणकडचे, परळला गिरणीत. त्यांनीही पोराला तिथंच घातलं होतं. एका बाकाला दोन पोरं आणि मध्ये लोखंड आवळून धरायचा एक व्हाइस, अशी दोघांची ओळख. पुढं भांडुपच्या एकाच कारखान्यात दोघं लागले आणि तो कारखाना बंद पडला तेव्हा एकाच दिवशी दोघं घरी बसले. दशरथनं वडिलांना गिरणीतून मिळालेल्या पैशांतून हा गाळा घेतला आणि पहिल्या दिवशी शटर वर करायला दोन माणसं होती. पाटीवर नाव एकाचंच आलं. तेव्हा ते दोघांनाही वावगं वाटलं नाही, किंवा निदान दशरथला तरी वाटलं नाही. धोंडिराम त्याला दश्या म्हणायचा, तो धोंडिरामला धोंडू. मालक आणि कामगार असं काही त्यात नव्हतं, असं दशरथ आजही छातीवर हात ठेवून सांगेल.

गाळ्यातलं काम समजून घ्यायला फार डोकं लागत नाही. पोलादाचा बोटभर लांबीचा एक गोल दांडा असतो, त्याला म्हणायचं स्पूल. तो ज्या नळीत मागं-पुढं सरकतो ती स्लीव्ह. स्पूल सरकला की तेलाची किंवा हवेची वाट उघडते, परत आला की बंद होते. दोघांमध्ये फट जास्त झाली तर गळती, कमी झाली तर स्पूल अडकणार. कॉम्प्युटरवर चालणारी मशीन नव्वद टक्के काम करून देते आणि झकास करून देते. पण पोलाद मोठं मानी. दुपारी गाळ्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर ऊन आलं की सकाळी सेट केलेली मशीन तिसऱ्या प्रहरी वेगळंच माप काढते. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, नुसता मुठीत धरून गप्पा मारल्या तरी हाताच्या उबेनं फुगतो. म्हणून दशरथनं आत काचेची एसी खोली केली. तयार माल रात्रभर तिथं गार व्हायला ठेवायचा आणि सकाळी मोजायचा, हा कायदा. मेट्रोचे खांब रोवत होते त्या दिवसांत तर खाली जमीन हादरायची. शेवटचा कट घ्यायला हे लोक खोदकामवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसायचे.

आणि इतकं सगळं करून जे शेवटचं उरतं, ते हातानं करायचं. त्याला लॅपिंग म्हणतात. स्पूलला बारीक पेस्ट लावायची, त्यावर पितळी कडं चढवायचं आणि ते फिरवत फिरवत मागं-पुढं न्यायचं. डोळ्यांचा इथं उपयोग नाही. कडं कुठं ओढ खातंय ते बोटांना कळतं. काम झालं की स्लीव्ह उभी धरून वरून स्पूल सोडायचा. सटकन पडला तर सैल, मध्येच थांबला तर घट्ट. गुडघेदुखीचा म्हातारा जिना उतरतो तसा सावकाश, न थांबता, आपल्याच वजनानं उतरला तर जोडी जमली. धोंडिरामच्या हातून पहिल्याच खेपेला जोडी जमायची, आणि ती उतरत असताना दशरथ जवळ असला तर दोघंही तेवढ्यापुरते गप्प व्हायचे.

धोंडिरामची एक पद्धत होती. टेबलावर त्याच्या उजव्या हाताला एक स्टीलची वाटी असायची, त्यात रॉकेल. कुठलाही जॉब खाली ठेवण्याआधी तो त्या वाटीत बुडवायचा, मलमलच्या फडक्यानं पुसायचा आणि फडक्यातच धरून टेबलावरच्या मऊ लोकरी नमद्यावर ठेवायचा. एकही जॉब त्यानं उघड्या बोटांनी खाली ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. गाळ्यात या प्रकाराला 'आंघोळ' म्हणत. "काका, जॉबला आंघोळ झाली का?" असं मशीनवरचा चैतन्य रोज एकदा तरी विचारायचा. धोंडिराम हसायचा. रेशनचं निळं रॉकेल बंद झालं तेव्हाही तो कुठून कुठून बाटली पैदा करून आणायचा, आणि दशरथ म्हणायचा, "म्हातारपणी तुला बाटलीचा नाद लागला रे धोंडू." हे सगळं थट्टेत चालायचं. या आंघोळीचं कारण काय, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि दशरथनं तर नाहीच नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत चाकणच्या एका कंपनीचं काम आलं. गाड्यांच्या ब्रेकमधला स्पूल. दशरथच्या गाळ्यात आजवर आलेलं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नाजूक काम. कंपनीतर्फे क्वालिटी बघायला रश्मी नावाची मुलगी यायची, हुशार आणि बोलायला मोकळी. तिनं पहिल्याच भेटीत अट सांगितली : माल कोरडा हवा. तेल, ग्रीस, रॉकेल यांचा वाससुद्धा नको, कारण ब्रेकमधले रबरी सील तसल्या तेलानं फुगतात आणि ब्रेक अडकतो. धुऊन, सुकवून, बंद पिशवीत माल द्यायचा.

त्याच दिवशी दशरथनं गाळ्यातलं सगळं रॉकेल बाहेर काढलं. धोंडिरामच्या टेबलावरची वाटीसुद्धा.

"दश्या, वाटी राहू दे," धोंडिराम म्हणाला. "मला लागते."

"अरे कंपनीचा रूल आहे बाबा. एक थेंब गेला ना आत, वाट लागेल आपली."

"मी वेगळं पुसून देईन. पण वाटी असू दे."

"काय लहान मुलासारखं करतोस रे! जुनी सवय आहे, दोन दिवसांत जाईल." असं म्हणून दशरथनं ती वाटी स्वतः नेऊन बाहेरच्या मोरीत रिकामी केली. धोंडिराम आणखी काहीतरी बोलणार होता. मग बोलला नाही. तेव्हा नुसतं 'का लागते?' एवढे दोन शब्द विचारायचे होते. दशरथला ते दोन शब्द आता आंघोळ करताना, जेवताना, सिग्नलला उभं असताना आठवतात, आणि स्वतःचा इतका राग येतो की शेजारचा माणूस वळून बघतो.

मार्च-एप्रिल बरे गेले. मे महिन्यात मात्र गाळ्यात उभं राहवत नव्हतं. एसी फक्त आतल्या खोलीला, बाहेर पंखे गरम हवा फिरवत होते आणि माणसं घामानं निथळत होती. महिन्याच्या शेवटी रश्मी चाकणहून गाडी करून आली, ती दोन खोकी घेऊनच. खोक्यांत परत आलेले स्पूल होते. चकचकीत पोलादावर तपकिरी डाग, आणि डाग म्हणजे नीट बघितलं तर बोटांचे ठसे. गंज इतका पातळ की नखाला लागत नव्हता, पण एवढ्या फटीत तेवढा पुरतो. स्पूल अडकत होते. रश्मी शांतपणे म्हणाली, "मेस्त्रीकाका, ब्रेकचं काम आहे. असा एक जरी गाडीत गेला तर माणूस जाईल. मला वर उत्तर द्यावं लागणार."

दशरथनं भिंग घेतलं. एकामागून एक स्पूल बघत गेला आणि चौथ्या-पाचव्याला त्याचा हात थांबला. अंगठ्याच्या ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेलेली होती. सगळ्या ठशांत तीच रेघ. धोंडिरामच्या उजव्या अंगठ्यावर भांडुपच्या कारखान्यात लेथच्या चुऱ्यानं कापल्याचा व्रण होता, तो असाच तिरका.

असतं असं काही माणसांच्या बाबतीत. घामातच काहीतरी असं असतं की त्यांनी हात लावलेलं पोलाद दोन दिवसांत तांबूस पडतं. बारीक काम करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी असा हात निघतो. त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. दशरथला हे ऐकून माहीत होतं. म्हणूनच ठसा ओळखू आल्यावर त्याला वाईट वाटण्याऐवजी चक्क हायसं वाटलं. रोग सापडला होता. आता रश्मीला काहीतरी ताबडतोब करून दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तो काचेच्या खोलीतून बाहेर आला. रश्मी मागं उभी होती, चैतन्य आणि बाकीचे मशीनवर होते. धोंडिराम टेबलाशी खाली मान घालून कडं फिरवत होता.

"धोंडिराम," दशरथ सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजपासून तू मालाला हात लावायचा नाही. ग्लोव्हज घालायचे. नाहीतर मालाला हात नाही. तुझा हात लागला की माल खराब होतो."

एवढ्या वर्षांत धोंडिराम अशी पूर्ण नावानं हाक त्यानं कधी मारली नव्हती. कडं फिरायचं थांबलं. कुणीतरी हसलं आणि चैतन्यच्या तोंडून निघून गेलं, "काकांचा हात म्हणजे डायरेक्ट गंज यार!" चैतन्यच्या मनात काही नव्हतं. तो रोजच काहीतरी बोलायचा.

धोंडिरामनं हातातला स्पूल बघितला. तो फडक्यात धरून नमद्यावर ठेवला. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ग्लोव्हज घालून बसला. रबरातून बोटांना ओढ कळत नाही. ज्याच्या हातून पहिल्या खेपेला जोडी जमायची त्याच्या हातचे स्पूल एक सैल, एक घट्ट व्हायला लागले. दशरथनं त्याच्यासाठी मुद्दाम चांगल्यातले, पातळ ग्लोव्हज मागवले आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवला. आपण किती काळजी घेतोय, असं त्याला वाटलं. तो डबा उघडला गेलाच नाही. त्या आठवड्यानंतर धोंडिराम आला नाही. फोन केला तर म्हणाला, "गुडघे दुखतात दश्या. आता नाही जमायचं."

"गुडघे!" दशरथ घरी येऊन सुलक्षणावहिनींना सांगत होता. "माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान आहे तो. जिना चढताना माझ्यापुढं पळतो, आणि म्हणे गुडघे. मी एवढं काय बोललो? नुसतं मालाला हात लावू नको म्हटलं."

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कुणाला म्हणालात?"

"धोंडूला."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच. ती कंपनीची मुलगी उभी होती ना. अगं, घामाचा प्रॉब्लेम आहे त्याच्या. सायन्स आहे ते."

"अहो, सायन्स तुमच्या डोक्यात," वहिनी म्हणाल्या. "तो बौद्ध माणूस. त्याच्या आईबापानं गावात काय काय ऐकलं असेल. आणि तुम्ही भर गाळ्यात त्याला म्हणालात, हात लावायचा नाही, तुझा हात लागला की खराब होतं? काय बोललात ते तुमचं तुम्हाला तरी ऐकू आलं का?"

खरं सांगायचं तर तोवर दशरथच्या ध्यानीमनीही हे आलं नव्हतं. आणि ध्यानात आलं नाही ही काही त्याची पुण्याई नव्हे. धोंडिरामच्या जागी असता तर पहिल्या शब्दालाच आलं असतं. तेवढं त्याला त्या घटकेला कळलं. त्यानं चप्पल घालायला हवी होती आणि तडक घाटकोपर गाठायला हवं होतं. त्यानं ठरवलंही, उद्या जाऊ. उद्या मशीनवाला यायचा होता. परवा चाकणची मीटिंग. मग पाऊस लागला, गल्लीत पाणी भरलं, एक मशीन बंद पडली. साकीनाका ते घाटकोपर मेट्रोनं तीन स्टेशनं. ती तीन स्टेशनं जायला त्याला अख्खा पावसाळा पुरला नाही. कारणं सगळी खरी होती आणि सगळी बिनकामाची. खरं कारण असं की काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं. 'माझ्या मनात तसं नव्हतं' हे वाक्य तो मनात घोळवायचा आणि दर वेळी त्याला वाटायचं, नुसत्या शब्दांवर धोंडू विश्वास का ठेवेल? काहीतरी पुरावा हवा.

सप्टेंबरात रश्मीचा फोन आला. लॅपिंगला नवा माणूस घेतला होता तरी माल धड निघत नव्हता. बोलता बोलता दशरथनं तिला वाटीची गोष्ट सांगितली. "काका, मग रॉकेलऐवजी स्पिरिट वापरायचं ना," ती म्हणाली. "घाम पुसला जातो, उडून जातं आणि आमच्या रबराला काही होत नाही. तेव्हाच विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

वाटी तीच, टेबल तेच. फक्त आत दुसरं काहीतरी ओतायचं होतं. फोन ठेवल्यावर दशरथ काचेच्या खोलीत गेला. मग त्यानं परत आलेल्या मालातला एक स्पूल काढला, ज्यावर तिरक्या रेघेचा अंगठा स्वच्छ दिसत होता तो. दुसरा एक कोरा स्पूल घेतला, स्वतःच्या घामट बोटांनी चांगला दाबून धरला आणि कपाटात ठेवून दिला. काही दिवसांनी बघितलं तर त्याचा स्पूल जसाच्या तसा, आरशासारखा. त्याला एकदम बळ आलं. आता धोंडूला दाखवता येईल. बघ बाबा, हा माझा, हा तुझा. जातीचा इथं काय संबंध? निव्वळ घाम. हे दाखवलं की त्याच्या मनातलं सगळं किल्मिष जाईल, आणि वर स्पिरिटची वाटीही सांगता येईल. मापाच्या वेडानं माणूस कुठवर जातो बघा.

दसऱ्याला गाळ्यात मशीनची पूजा झाली. झेंडूच्या माळा घातल्या, पेढे वाटले. दरवर्षी धोंडिराम पूजेला यायचा, एका बाजूला उभा राहायचा, पेढा घेऊन लवकर निघायचा. कुठं जातो ते दशरथनं कधी विचारलं नव्हतं. त्या वर्षी पेढ्यांचा पुडा आणि खिशात रुमालात गुंडाळलेले दोन स्पूल घेऊन दशरथ घाटकोपरला उतरला. धोंडिरामच्या वस्तीत शिरला तर रस्त्यावर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पंचरंगी झेंडे. विहारातून माणसं परतत होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आपल्या सणाच्या दिवशी सकाळी माझ्या मशीनच्या पूजेला येऊन उभा राहत होता, हे दशरथला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं. तरी खिशातला रुमाल त्यानं चाचपून बघितलाच.

चौथ्या मजल्यावर धोंडिरामच्या बायकोनं, सोनूबाईंनी दार उघडलं. क्षणभर त्यांनी ओळखलंच नाही. मग पदर सावरत म्हणाल्या, "या की भाऊजी, या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घरात आलात."

सोनूबाईंनी ते आनंदानं म्हटलं होतं. दशरथ मात्र उंबऱ्यातच घोटाळला. खालपर्यंत सोडायला तो कितीदा आला होता. धोंडूच्या लग्नाला हॉलवर आला होता. घरात? आठवून आठवून बघितलं. कधी योग आला नाही, असं तो स्वतःला सांगायला गेला आणि सांगता येईना.

धोंडिराम पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर बसला होता. "ये," म्हणाला. चेहऱ्यावर राग नव्हता. सोनूबाईंनी खिरीच्या वाट्या आणल्या, इकडचं तिकडचं झालं, गाळ्यातल्यांची चौकशी झाली. नवा लॅपिंगवाला कसा आहे, असं धोंडिरामनं विचारलंसुद्धा. दशरथनं खीर संपवली, रुमाल काढला आणि दोन्ही स्पूल मधल्या टेबलावर ठेवले.

"धोंडू, तुझा गैरसमज झालाय रे. हे बघ. हा मी हात लावलेला, हा तू. सायन्स आहे यार. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं."

धोंडिरामनं तो डागाळलेला स्पूल उचलला, खिडकीकडे धरून बघितला आणि खाली ठेवला. या वेळी नुसत्या बोटांनी.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"माझ्या हातानं गंजतं ते. मुलुंडलाच कळलं होतं, आयटीआयमध्ये. सरांनी माप घ्यायचं नवीन गेज वर्गात फिरवलं होतं, त्यावर डाग पडले. कुणाचा हात आहे म्हणून सर ओरडत होते आणि मी खाली मान घालून बसलो होतो. तू माझ्याच शेजारी होतास. तेव्हापासून रॉकेलनं पुसतोय. एकदासुद्धा चुकलो नाही."

"मग सांगितलं का नाहीस? वाटी काढली तेव्हा तरी..."

"काय सांगू?" धोंडिराम हसल्यासारखा झाला. "दश्या, माझा बाप गावात ओंजळीनं पाणी प्यायचा. वरून ओतायचे. हात लावू नको, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी शिकलो, मुंबईला आलो, म्हटलं, सुटलो. आणि नेमका माझाच हात असला निघाला. लोक खोटं बोलायचे ना, तेव्हा भांडता यायचं. हे तर खरंच होतं. म्हणून कुणाला कळूच द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी. ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला. आणि तुझ्या तर नाहीच."

खाली वस्तीत लाऊडस्पीकरवर कुणीतरी नावं पुकारत होतं. सोनूबाई आत गेल्या. "चुकलो रे," दशरथ म्हणाला. "माफी मागायलाच आलोय मी."

"माफी मागायला आलायस," धोंडिराम म्हणाला, "मग हे कशाला आणलंस?"

टेबलावर दोन स्पूल पडले होते, एक लख्ख, एक डागाळलेला. दशरथनं त्यांच्याकडे बघितलं. मापात न बसणारं असं काही आयुष्यात असतं आणि तिथं पुरावा घेऊन जायचं नसतं, हे त्याला आता दिसत होतं. पण स्पूल ठेवून झाले होते.

"रश्मी म्हणाली स्पिरिट चालेल," तो कसाबसा म्हणाला. "वाटी ठेवतो मी परत. पाटीवर तुझं नाव घालू. उद्यापासून ये, धोंडू."

धोंडिराम उठला. त्याला दारापर्यंत सोडायला आला. जिन्याचा दिवा लावला, खाली बघून उतर म्हणाला. दशरथ दोन पायऱ्या उतरल्यावर वरून त्याचा आवाज आला, नेहमीचाच, मऊ.

"दश्या, आज तू नुसता आला असतास ना, तर आलो असतो रे."